आग लागण्याआधी खणलेली विहीर: अमेरिकेतल्या खेड्यांचं फायर डिस्ट्रिक्ट

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आले होते. एका रात्री साडेदहाच्या सुमाराला बाबा न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडले. नवऱ्याने 911 लावला, मी बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. थोड्या वेळाने अंगणात लाल दिव्यांचा झोत फिरला. आई खिडकीपाशी गेली आणि तिथूनच ओरडली, "अगं, हा तर आगीचा बंब आलाय! आग लागली म्हणून सांगितलंत की काय?"

बंबातून तिघं उतरली. एकीला मी लगेच ओळखलं. जनावरांच्या खाद्याच्या दुकानात गल्ल्यावर असते ती. आम्ही कोंबड्यांचं खाद्य तिच्याकडूनच आणतो. तिने बाबांच्या दंडाला पट्टा बांधला, बोट टोचून साखर पाहिली, छातीला तारा लावल्या. बीपी खूप उतरलं होतं. बाबांनी विसरून गोळी दोनदा घेतली होती. अर्ध्या तासात बाबा उठून बसले. जाताना तिघांतला वयाने मोठा माणूस म्हणाला, "तुमच्या घराचा नंबर रस्त्यावरून दिसत नाही. आम्ही पुढे गेलो आणि वळून परत आलो."

त्या रात्री आईला पडलेला प्रश्न इथे नव्याने आलेल्या बहुतेक मराठी घरांत पडतो. आजारी माणसासाठी बंब का? तो आला कुठून, कोणी पाठवला, बिल किती येणार? आम्ही सिएटलच्या ईशान्येला, वॉशिंग्टन राज्याच्या स्नोहोमिश काउंटीत राहतो. आमच्या घराला नगरपालिका नाही. पाणी स्वतःच्या बोअरचं, सांडपाणी स्वतःच्या टाकीत. तरीही बंब आला, कारण आमच्या भागाला एक फायर डिस्ट्रिक्ट आहे.

डिस्ट्रिक्ट म्हटलं की आपल्याला जिल्हा आठवतो आणि तिथेच गोंधळ होतो. अमेरिकेत जिल्ह्याला काउंटी म्हणतात. डिस्ट्रिक्ट म्हणजे एकाच कामासाठी आखलेली हद्द. शाळेची हद्द वेगळी, वाचनालयाची वेगळी, आगीची वेगळी. फायर डिस्ट्रिक्ट ही एक छोटी ग्रामपंचायतच समजा, फक्त रस्ते, दिवे, पाणी यातलं काहीही तिच्याकडे नाही. तिच्याकडे एकच खातं आहे. तिचे सदस्य लोक मत देऊन निवडतात, तिला स्वतःची पट्टी लावायचा हक्क आहे आणि तिची बैठक महिन्यातून किमान एकदा, कोणालाही येऊन बसता येईल अशी होते. वॉशिंग्टनमध्ये या सदस्यांना कमिशनर म्हणतात. साधारणपणे तीन असतात, मोठ्या डिस्ट्रिक्टला पाच, आणि मुदत सहा वर्षांची. 'कमिशनर' ऐकून डोळ्यांपुढे गाडी-शिपाई येतात, पण इथे हा मान शेतकऱ्याकडे, निवृत्त शिक्षिकेकडे किंवा लाकूडतोड्याकडे असतो.

इथल्या खेड्यांना अशी डिस्ट्रिक्ट काढता येतील असा कायदा वॉशिंग्टनमध्ये 1939 साली झाला. त्याआधी शहराबाहेर आग लागली की आपल्या वाडीवस्तीवर गंजी पेटल्यावर जे होतं तेच व्हायचं. शेजारीपाजारी बादल्या घेऊन धावायचे, ओली गोणपाटं बडवायचे, आणि शहराचा बंब आलाच तर राखेवर पाणी मारायला. शहराचा बंब शहराच्या करातून चालतो. तो हद्दीबाहेर यावा असा कोणताही नियम नाही.

हे नीट समजण्यासाठी टेनेसी राज्यातला एक प्रसंग सांगते, कारण फायर डिस्ट्रिक्ट नसेल तर काय होतं ते त्यात उघडंवाघडं दिसतं. ओबायन काउंटीच्या ग्रामीण भागात आगीसाठी कर नव्हता. साउथ फुल्टन या जवळच्या शहराचं अग्निशमन दल गावकऱ्यांना वर्गणीवर सेवा देत असे, वर्षाला 75 डॉलर. 2010 च्या सप्टेंबरमध्ये एका घराला आग लागली. त्या घराची वर्गणी भरलेली नव्हती. घरमालक फोनवर म्हणत होता, लागेल तो खर्च देतो. दल आलं नाही. आग शेजाऱ्याच्या कुंपणापाशी पोचली तेव्हा दल आलं, कारण शेजाऱ्याची वर्गणी भरलेली होती. त्यांनी शेजाऱ्याची जमीन वाचवली आणि मूळ घर त्यांच्या डोळ्यांदेखत जळून खाक झालं. आतली पाळीव जनावरंही गेली.

त्या जवानांवर रागावणं सोपं आहे. मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा संताप आला होता. पण वर्गणी ऐच्छिक ठेवली आणि आग लागल्यावर भरली तरी चालेल असं म्हटलं, तर आधी कोण भरेल? कोणीच भरलं नाही तर बंबाचं डिझेल कुठून येणार? म्हणजे चूक त्या रात्रीची नव्हती, आग लागायच्या कितीतरी आधी मांडलेल्या हिशेबाची होती. फायर डिस्ट्रिक्ट हा हिशेब उलटा मांडतं. हद्दीतल्या प्रत्येक मालमत्तेवर थोडी पट्टी बसते. भाडेकरू असो, पाहुणा असो, नुसता रस्त्याने जाताना गाडी उलटलेला असो, दारात आलेला बंब पावती विचारत नाही.

आता ही पट्टी किती? आमच्याकडे दर फेब्रुवारीत काउंटीकडून मालमत्ता कराचं बिल येतं. अर्धी रक्कम 30 एप्रिलपर्यंत, उरलेली 31 ऑक्टोबरपर्यंत. बँक हा पैसा गृहकर्जाच्या हप्त्याबरोबरच कापून घेते, त्यामुळे कित्येक जण ते बिल उघडूनही बघत नाहीत. एकदा उघडून बघा. शाळा, काउंटी, वाचनालय यांच्या ओळी असतात आणि त्यांच्यात एक ओळ 'फायर' आणि बहुधा दुसरी 'इएमएस' अशी असते. इएमएस म्हणजे तातडीची वैद्यकीय सेवा. बाबांच्या दंडाला बांधलेला पट्टा त्या दुसऱ्या ओळीतून आला. वॉशिंग्टनच्या कायद्यात फायर डिस्ट्रिक्टच्या नेहमीच्या पट्टीला कमाल मर्यादा आहे, मालमत्तेच्या दर हजार डॉलर किमतीमागे दीड डॉलर. वैद्यकीय सेवेच्या पट्टीला हजारी अर्धा डॉलर. म्हणजे 6 लाख डॉलरच्या घराला दोन्ही मिळून वर्षाला जास्तीत जास्त 1,200 डॉलर. बहुतेक ठिकाणी दर याहून कमीच असतो.

इथे एक बारकी खोच आहे आणि मतदानाच्या वेळी तीच कामाला येते. घरांच्या किमती दुप्पट झाल्या म्हणून डिस्ट्रिक्टचं उत्पन्न दुप्पट होत नाही. नवीन बांधकाम सोडलं तर पट्टीची एकूण वसुली दरवर्षी फक्त 1 टक्क्याने वाढवता येते. किमती वाढल्या की दर आपोआप खाली येतो. आता डिझेल, पगार, विमा, रबरी पाइप यातलं वर्षाला 1 टक्क्याने काय वाढतं? म्हणून दर काही वर्षांनी डिस्ट्रिक्टला लोकांपुढे जाऊन म्हणावं लागतं, दर पुन्हा वर न्यायला परवानगी द्या. त्याला लेव्ही लिड लिफ्ट म्हणतात आणि साध्या बहुमताने ती मंजूर होते. मतपत्रिकेवरची भाषा इतकी किचकट असते की घाईत वाचणाऱ्याला वाटतं, आला आणखी एक नवा कर. फेटाळली गेली की आधी जातो तो रात्रपाळीचा एखादा माणूस, नाहीतर पंचवीस वर्षं जुना बंब आणखी पाच वर्षं ओढावा लागतो.

आपल्यापैकी जे व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर आहेत त्यांना मत नाही, पण पट्टी ते पूर्ण भरतात. बैठकीत जाऊन बसायला आणि जिथे लोकांना बोलायची वेळ ठेवलेली असते तिथे बोलायला नागरिकत्व लागत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्यासकट दोनच गावकरी होते. तिघं कमिशनर, चीफ म्हणजे दलाचा प्रमुख, आणि आम्ही. पाऊण तास चर्चा एका गाडीच्या गंजलेल्या टाकीवर चालली होती.

आणि त्या टाकीवर एवढा वेळ का घालवावा लागतो, हे खेड्यातली आग समजायची खरी किल्ली आहे.

शहरात बंब आला की जवान रस्त्याकडेच्या हायड्रंटला, म्हणजे दाबाखालच्या पाण्याच्या नळाला, पाइप जोडतो आणि पाणी येतच राहतं. आमच्याकडे हायड्रंट नाही. पाणी येईल ते चाकांवरून. साध्या बंबात 500 ते 1,000 गॅलन पाणी असतं. 750 गॅलन धरा, म्हणजे सुमारे 2,800 लिटर. आगीवर चालणाऱ्या एका हातातल्या पाइपातून मिनिटाला साधारण 150 गॅलन जातात. भागाकार करा. पाच मिनिटं. पेटलेल्या घरासमोर उभ्या असलेल्या बंबात पाच मिनिटांचं पाणी आहे.

म्हणून त्याच्यामागे निघतो टेंडर. आपल्या भाषेत टँकर, उन्हाळ्यात माणदेशात येतो तोच. पण पश्चिम अमेरिकेत वायरलेसवर 'टँकर' म्हटलं तर त्याचा अर्थ पाणी टाकणारं विमान असा होतो, म्हणून चाकांवरच्या गाडीला कटाक्षाने टेंडर म्हणतात. मोठ्या टेंडरमध्ये 3,000 गॅलन मावतात, म्हणजे 11,000 लिटरच्या वर. दोन पाइप चालू असतील तर तेही दहा मिनिटांत संपतात. तळं तीन मैलांवर असेल तर जाणं, भरणं, येणं यात वीस मिनिटं सहज जातात. मग एका टेंडरने भागत नाही, तीन लागतात, एकामागून एक फिरणारे. शेजारच्या दोन डिस्ट्रिक्टचे टेंडर त्याच क्षणी निघावेत असा करार आधीच करून ठेवलेला असतो.

हे मी बाबांना कागदावर समजावत होते तेवढ्यात समजलं की गुरुवारी संध्याकाळी स्टेशनवर याचाच सराव आहे आणि बघायला मुभा आहे. आम्ही गेलो. स्टेशनमागच्या मोकळ्या जागेत चौघांनी गाडीच्या कुशीतून एक चपटी घडी काढली, चार कोपरे ओढले, आणि कमरेइतक्या उंचीचा नारिंगी कापडी हौद उभा राहिला. टेंडर मागे मागे आला. मागची चौकोनी झडप उघडली आणि पाणी धबधब्यासारखं हौदात कोसळलं. दोनेक मिनिटांत टेंडर रिकामा होऊन दुसऱ्या फेरीला निघाला. इकडे बंबाची जाड, ताठ नळी हौदात सोडली होती, टोकाला जाळी.

बाबा शेतकऱ्याच्या घरातले. ते वाकून ती जाळी बघत होते. "ही नळी किती खालून पाणी ओढते विचार," ते मला म्हणाले. मी विचारलं. वीस-बावीस फूट. बाबा हसले. "आपल्या विहिरीवरच्या मोटरीसारखंच. म्हणून तर मोटर खाली उतरवून बसवायची." गोष्ट तीच आहे. पंप पाणी ओढत नाही. तो नळीतली हवा काढून टाकतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब पुस्तकात सुमारे 34 फुटांपर्यंत पुरतो, प्रत्यक्षात त्याच्या दोन तृतीयांश धरायचा. म्हणून तळं घराजवळ असलं तरी काठ खोल असेल तर उपयोग नाही, आणि म्हणूनच काही डिस्ट्रिक्ट तळ्यात कायमचा पाइप पुरून त्याचं तोंड रस्त्याकडेला आणून ठेवतात. त्याला ड्राय हायड्रंट म्हणतात. त्यात दाबाखालचं पाणी नसतं, बंबाने खेचून घ्यायचं.

विमा कंपन्याही याच गोष्टी बघतात. वॉशिंग्टनमध्ये एक संस्था प्रत्येक फायर डिस्ट्रिक्टला 1 ते 10 असा वर्ग देते. 1 सगळ्यात चांगला, 10 म्हणजे संरक्षण नाहीच असं समजायचं. स्टेशन रस्त्याने पाच मैलांच्या आत आहे का, पाणी कसं पोचतं, माणसं किती प्रशिक्षित, हे सगळं त्यात येतं. गावाकडे जमीन घेताना लोक देखावा बघतात, शाळा बघतात. स्टेशनचं अंतर आणि हा वर्ग आधी विचारा. घर घेतल्यानंतर विम्याचा हप्ता बघून धक्का बसलेली दोन कुटुंबं माझ्या ओळखीत आहेत.

आता माणसं. अमेरिकेतल्या जवळपास साडेदहा लाख अग्निशामकांपैकी 65 टक्के स्वयंसेवक आहेत, हा 2020 चा आकडा. त्याच साली स्वयंसेवकांची संख्या 6,76,900 होती. 1984 मध्ये ती 8,97,750 होती. देशाची लोकसंख्या वाढत गेली आणि हा आकडा घसरत गेला. कारणं समजण्यासारखी आहेत. लोक तास-तास गाडी चालवून शहरात नोकरीला जातात, नवरा-बायको दोघं कामाला, आणि प्रशिक्षणाचे तास वाढलेले. नुसतं प्राथमिक वैद्यकीय प्रमाणपत्र मिळवायला दीडशेच्या आसपास तास द्यावे लागतात, आगीचं शिक्षण वेगळं.

खाद्याच्या दुकानातल्या त्या बाईला मी नंतर विचारलं, रात्री पेजर वाजला की काय करतेस? ती म्हणाली, पॅंट आणि बूट पलंगाशेजारी एकात एक घालून ठेवलेले असतात, पाय घातले की निघायचं. ती आधी घरून स्टेशनला जाते, तिथून बंब घेऊन तुमच्याकडे येते. शहरात बंबात माणसं बसूनच असतात. खेड्यात हा एक टप्पा जास्त आहे, आणि तो लक्षात ठेवूनच घर ठेवायला हवं. कारण जुन्या काळच्या लाकूड-कापसाच्या सामानाची खोली पूर्ण पेट घ्यायला प्रयोगशाळेत अर्ध्या तासाच्या आसपास लागला होता, तर आजच्या फोम आणि प्लॅस्टिकच्या सामानाची खोली चार मिनिटांच्या आत भडकली. रात्री झोपायच्या खोलीचं दार लावून झोपा, असं जवान सांगतात ते याचसाठी. लावलेल्या दारामागे धूर आणि उष्णता पोचायला वेळ लागतो. आपल्याकडे आई-वडील आले की दारं उघडी ठेवायची सवय असते. आम्ही ती बदलली.

आगीचे कॉल एकूणात थोडे असतात. देशभरातली अग्निशमन दलं ज्या कॉल्सना धावतात त्यातले जवळपास दोन तृतीयांश वैद्यकीय असतात आणि आगीचे शंभरात चार-पाच. छातीत दुखणं, श्वास लागणं, रस्त्यावरचे अपघात, नदीत अडकलेले लोक, वादळात तारांवर पडलेलं झाड. एकटी राहणारी म्हातारी खुर्चीवरून घसरली, लागलं नाही पण उठता येत नाही, तरी बंब येतो, उठवून बसवतो आणि जातो. आपल्याकडे 101 आगीला आणि 108 रुग्णवाहिकेला, म्हणून आईला बंब बघून धस्स झालं. इथे एकच नंबर आणि जो सगळ्यात जवळ आहे तो आधी. बंब येण्याचे पैसे सहसा लागत नाहीत. रुग्णवाहिकेने दवाखान्यात नेलं तर बिल येऊ शकतं, ते प्रत्येक डिस्ट्रिक्टचं वेगळं. आपल्या डिस्ट्रिक्टला एकदा फोन करून विचारून ठेवा, 911 वर नाही, त्यांच्या ऑफिसच्या नंबरवर.

आमच्याच काउंटीत ओसो नावाची वस्ती आहे, नदीकाठची. 22 मार्च 2014, शनिवार, सकाळी साडेदहाच्या पुढे डोंगराची एक बाजू सुटली आणि स्टिलागुआमिश नदी ओलांडून पलीकडच्या घरांवर आली. 43 माणसं गेली. महामार्ग 530 चिखलाखाली गाडला गेला. एका बाजूला ओसोचं फायर डिस्ट्रिक्ट, दुसऱ्या बाजूला डॅरिंग्टनचं, दोन्ही स्वयंसेवकांवर चालणारी. त्या चिखलात पहिल्यांदा उतरलेल्यांत हे लोक होते, आणि ज्यांना शोधत होते त्यांतल्या कित्येकांना ते नावाने ओळखत होते. मागून राज्य आलं, नॅशनल गार्ड हे राखीव लष्करी दल आलं, लाकूडतोडीच्या यंत्रांसह गावकरी आले. ओसोचं छोटं फायर हॉल त्या दिवसांत सगळ्यांचं घर झालं होतं. शेवटचा मृतदेह जुलैत सापडला. त्या रस्त्याने जाताना मी अजूनही गाडीतलं गाणं बंद करते.

मोठा वणवा आला तर एकट्या डिस्ट्रिक्टचं काही चालत नाही, हेही खरं. जंगलाची आग राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं बघतं, घरं फायर डिस्ट्रिक्ट बघतं, आणि दोन्ही कमी पडली की राज्यभरातून बंब मागवता येतात. 7 सप्टेंबर 2020 ला राज्याच्या पूर्वेला माल्डन हे दोनेकशे वस्तीचं गाव वाऱ्यावर आलेल्या आगीत काही तासांत गेलं. सुमारे 80 टक्के इमारती जळाल्या. त्यात पोस्ट गेलं, वाचनालय गेलं, फायर स्टेशनही गेलं. माणसं मात्र वाचली, कारण दारोदार जाऊन लोकांना बाहेर काढलं गेलं.

म्हणून आपल्या बाजूचं काम आपणच करायचं. उन्हाळ्यात पालापाचोळा जाळायच्या आधी बंदी आहे का ते बघा. पिंपात कचरा जाळणं तर वॉशिंग्टनमध्ये बाराही महिने बेकायदा आहे. भिंतीला टेकून रचलेली लाकडं लांब न्या. घराकडे येणारी वाट गाडीतून नाही, पायी चालून बघा. बंबाला डोक्यावर साडेतेरा फूट मोकळे हवेत, आणि वाट लांब असेल तर वळायला जागा. एखादी फांदी आड येत असेल तर बंब वाटेच्या तोंडाशीच थांबतो.

आमच्या वाटेवरच्या दोन फांद्या नवऱ्याने तोडल्या. नंबराचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. स्टेशनवर अंधारात चमकणारी हिरवी पाटी मिळते, दोन्ही बाजूंनी आकडे. बाबांनी खांब रोवला, पाटी ठोकली, आणि अंधार पडल्यावर मला गाडी काढायला लावली. आम्ही रस्त्याने अर्धा मैल गेलो, वळलो, परत आलो. तिथून दिसली का, असं ते दर वेळी विचारायचे. तिसऱ्या फेरीत ते म्हणाले, "थोडी रस्त्याकडे वळवायला हवी," आणि टॉर्च माझ्या हातात देऊन पाना घेऊन खाली उतरले.